पाऊण किलो पेट्रोलमधून २.३ किलो कार्बन डायऑक्साइड कसा निघतो? रासायनिक समीकरण समजून घेताना

हवामानबदलाच्या बातम्यांत एक आकडा वरचेवर दिसतो: एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आता एक लिटर पेट्रोलचं वजन भरतं साधारण ७५० ग्रॅम. म्हणजे पाऊण किलो वस्तू जाळायची आणि तिच्यातून सव्वादोन किलोंहून जास्त वायू बाहेर पडायचा! अनेकांना ही छपाईची चूक वाटते, काहींना अतिशयोक्ती. प्रत्यक्षात आकडा बरोबर आहे, आणि तो पडताळून पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. शाळेत ‘रासायनिक समीकरण संतुलित करा’ असा प्रश्न येतो ना, तेवढं नीट येत असलं की पुरे.

गंमत अशी की हा प्रश्न बरीच मुलं कोडं समजून सोडवतात. इथे २ टाकून बघ, तिथे ३ टाकून बघ, जमलं की पुढचा प्रश्न. उत्तर येतं, पण ते आकडे कशाचे आहेत हे कळत नाही. म्हणून सुरुवात आकड्यांपासून नको, पदार्थांपासून करू.

बाणाच्या दोन बाजू

हायड्रोजन ऑक्सिजनमध्ये जळतो आणि पाणी तयार होतं. हेच वाक्य थोडक्यात असं लिहितात:

हायड्रोजन + ऑक्सिजन → पाणी

डावीकडचे पदार्थ म्हणजे अभिक्रियाकारक, जे बदलतात ते. उजवीकडचे म्हणजे उत्पादितं, जी नव्याने तयार होतात. मधला बाण ‘यांच्यापासून हे तयार होतं’ असं सांगतो. गणितातल्या बरोबरच्या चिन्हासारखा तो वाचायचा नाही, कारण हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र ठेवले म्हणजे पाणी नव्हे. ते वायूंचं ज्वालाग्राही मिश्रण असतं, ठिणगी पडली तर स्फोट होतो.

या बदलात अणू नवे निर्माण होत नाहीत आणि नाहीसेही होत नाहीत. ते फक्त जुने जोडीदार सोडतात आणि नवे धरतात. डावीकडे हायड्रोजनचे जितके अणू होते तितकेच उजवीकडे असले पाहिजेत, ऑक्सिजनचंही तसंच. समीकरण संतुलित करणं म्हणजे ही मोजणी दोन्ही बाजूंना जुळवणं.

मोजायचं तर आधी नेमकं लिहावं लागतं. शब्दांनी ते जमत नाही, म्हणून संज्ञा आल्या. स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याने १८१३-१४ च्या सुमारास मूलद्रव्यांसाठी अक्षरं वापरण्याची पद्धत मांडली. त्याआधी डाल्टन वर्तुळं आणि ठिपके काढून काम भागवत असे. हायड्रोजन एच, ऑक्सिजन ओ, कार्बन सी, लोह एफई, तांबं सीयू. या संज्ञा जगभर रोमन लिपीत लिहितात. या लेखात त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, वहीत मात्र रोमनच लिहा. आणि तिथे एक काळजी घ्या: दोन अक्षरी संज्ञेतलं पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं, दुसरं लहान लिपीतलं. कोबाल्ट हा धातू आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, या दोघांच्या लिखाणात फरक असतो तो केवळ दुसऱ्या अक्षराच्या लहानमोठेपणाचा.

दोन जागचे दोन आकडे

पाण्याचं रेणुसूत्र एच₂ओ. खाली उतरलेला लहान २ सांगतो की पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आहेत. ऑक्सिजनच्या खाली काही लिहिलेलं नाही, म्हणजे एक.

आता ३ एच₂ओ असं लिहिलं तर पुढचा मोठा ३ सांगतो, पाण्याचे तीन रेणू. याला सहगुणक म्हणतात. तो त्याच्या मागच्या सगळ्या सूत्राला लागू होतो: हायड्रोजनचे अणू ३ × २ म्हणजे ६, ऑक्सिजनचे ३.

हे दोन आकडे दिसायला सारखे असले तरी त्यांचं काम पूर्ण वेगळं आहे. लहान आकडा पदार्थ कोणता ते ठरवतो. मोठा आकडा तो पदार्थ किती ते सांगतो. संतुलन करताना आपल्या हातात असतो तो फक्त मोठा आकडा.

‘लहान आकडा बदलला तर लवकर सुटतं की!’

हो, सुटतं. पाण्याचंच घ्या:

एच₂ + ओ₂ → एच₂ओ

डावीकडे ऑक्सिजन दोन, उजवीकडे एक. उजवीकडे ओ खाली २ लिहिलं की काम झालं, अणू जुळले. पण आता जे लिहिलंत ते एच₂ओ₂, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. केसांचा रंग उडवायला, कागदाचा लगदा पांढरा करायला वापरतात ते रसायन. त्याचं तीव्र द्रावण त्वचेला भाजतं. पाणी मागितलं होतं.

सायकलचा विचार करा. एक सांगाडा आणि दोन चाकं मिळून एक सायकल होते. तुमच्याकडे चाकं जास्त उरली म्हणून प्रत्येक सायकलला तिसरं चाक ठोकता येत नाही. तसं केलं तर ती सायकल राहणार नाही. जास्तीची चाकं खपवायची असतील तर आणखी सांगाडे आणायचे आणि आणखी सायकली जोडायच्या. सहगुणक वाढवणं म्हणजे नेमकं हेच.

म्हणून ऑक्सिजन जुळवायला पाण्याचे दोन रेणू घेऊ. मग उजवीकडे हायड्रोजन चार होतात, त्यासाठी डावीकडे हायड्रोजनचे दोन रेणू:

२ एच₂ + ओ₂ → २ एच₂ओ

हायड्रोजन चार-चार, ऑक्सिजन दोन-दोन.

जुळलेलं समीकरणही चुकीचं असू शकतं

इथे थोडं थांबायला हवं, कारण खरी मेख इथे आहे आणि वर्गात ती बहुधा घाईघाईत उरकली जाते.

इंग्लंडच्या जॉन डाल्टनने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अणुसिद्धांत मांडला. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात हे तेव्हा माहीत झालं होतं, पण कितीला किती हे पाहायची सोय नव्हती. डाल्टनने सर्वांत साधी शक्यता धरली: एकास एक. त्याच्या हिशेबाने पाणी म्हणजे एचओ, आणि समीकरण झालं असतं:

एच + ओ → एचओ

अणू मोजून पाहा, दोन्ही बाजू चोख जुळतात. आजच्या परीक्षकाने नुसती मोजणी तपासली तर पूर्ण गुण द्यावे लागतील. तरीही ते चूक आहे, कारण पाण्याचा रेणू तसा नाही, आणि हायड्रोजन-ऑक्सिजन वायू सुट्या अणूंच्या रूपात वावरतही नाहीत.

हे कळलं कसं? फ्रान्सच्या गे-ल्युसॅकने १८०८ मध्ये वायूंची वजनं बाजूला ठेवून आकारमानं मांडली. दोन भांडी भरून हायड्रोजन आणि एक भांडं ऑक्सिजन यांची अभिक्रिया झाली की पाण्याची वाफ त्याच तापमानाला आणि दाबाला दोन भांडी भरते. दोन, एक, दोन. आपण आधी संतुलित केलेल्या समीकरणातले मोठे आकडे पुन्हा पाहा: २, १, २. कुणालाही पाण्याचं खरं सूत्र ठाऊक नव्हतं तेव्हा ते आकडे काचेच्या भांड्यात दिसले होते.

डाल्टनला हे पटेना. ऑक्सिजनच्या एका अणूपासून वाफेचे दोन कण व्हायचे तर अणू मध्ये चिरावा लागेल, आणि अणू तर अविभाज्य! इटलीच्या अ‍ॅव्होगाड्रोने १८११ मध्ये तोड सुचवली: समान तापमान आणि दाब असताना समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या समान असते, आणि ऑक्सिजनच्या रेणूतच दोन अणू असतात. जोडी फुटते, अणू फुटत नाही. इतकं साधं उत्तर, पण ते मान्य व्हायला जवळपास पन्नास वर्षं गेली. १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरुए शहरात भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत कॅनिझारोने ते पुन्हा नेटाने मांडलं, आणि त्यानंतर सूत्रांचा गोंधळ निवळत गेला.

तेव्हा क्रम असा: आधी सूत्र खरं हवं, संतुलन त्यानंतर. सूत्र आपण ठरवत नाही, ते प्रयोगातून सापडतं. सूत्रांची तयारी न करता संतुलनाच्या युक्त्या शिकवणं मला उलटी वाट वाटते.

शाळेच्या पातळीवर सूत्र लिहायला दोन गोष्टी पुरतात. पहिली, संयुजा, म्हणजे अणूची जोडणीची क्षमता. सोडिअमची १, मॅग्नेशिअमची २, अ‍ॅल्युमिनिअमची ३, ऑक्सिजनची २, क्लोरिनची १. अ‍ॅल्युमिनिअम आणि ऑक्सिजनच्या संयुजा अदलाबदल करून एकमेकांच्या खाली लिहिल्या की एएल₂ओ₃ मिळतं. दुसरी, जोडीने राहणारी सात मूलद्रव्यं: हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरिन, क्लोरिन, ब्रोमिन आणि आयोडिन. ही एकटी लिहायची असतील तेव्हा खाली २ येतोच. निम्म्या चुका इथल्याच असतात, ऑक्सिजनचा नुसता ओ लिहिला जातो आणि मग पुढचं काहीच जुळत नाही.

मग हात चालवायचा कसा

लोखंडाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन फेरिक ऑक्साइड तयार होतं. गंजातही मुख्यतः हेच असतं, फक्त पाण्याच्या रेणूंसकट.

एफई + ओ₂ → एफई₂ओ₃

ऑक्सिजन डावीकडे दोनाच्या पटीत येणार, उजवीकडे तिनाच्या. दोघांचा लसावि ६. म्हणून डावीकडे ३ ओ₂, उजवीकडे २ एफई₂ओ₃. आता उजवीकडे लोहाचे अणू चार झाले, तेवढे डावीकडे द्या:

४ एफई + ३ ओ₂ → २ एफई₂ओ₃

पाहा, गणितातला लसावि इथे कामी आला. लोखंड शेवटी ठेवलं कारण ते डावीकडे एकटं आहे. त्याचा आकडा बदलला तर दुसऱ्या कशाची मोजणी बिघडत नाही. जे मूलद्रव्य कुठेतरी एकटं उभं आहे ते नेहमी शेवटी जुळवावं, आणि जे दोन्हीकडे एकेकाच संयुगात आहे ते आधी.

सूत्रात कंस आला की बरेच जण अडखळतात. अ‍ॅल्युमिनिअम आणि सल्फ्युरिक आम्ल यांची अभिक्रिया घ्या:

२ एएल + ३ एच₂एसओ₄ → एएल₂(एसओ₄)₃ + ३ एच₂

कंसाबाहेरचा ३ आतल्या सगळ्यांना गुणतो, म्हणजे गंधक ३ आणि ऑक्सिजन १२. पण इथे एसओ₄ हा गट डावीकडे आणि उजवीकडे न मोडता तसाच राहिला आहे, तेव्हा त्याचे अणू सुटे मोजायची गरजच नाही. गट डावीकडे तीन, उजवीकडे तीन. पुरे.

आता पेट्रोल

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनचं, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजन असलेल्या संयुगांचं, मिश्रण असतं. हिशेबासाठी त्यातल्या ऑक्टेनला प्रतिनिधी धरतात. तो पूर्ण जळाला तर:

सी₈एच₁₈ + ओ₂ → सीओ₂ + एच₂ओ

कार्बन आठ, म्हणून ८ सीओ₂. हायड्रोजन अठरा, म्हणून ९ एच₂ओ. उजवीकडे ऑक्सिजन १६ आणि ९ मिळून २५. ऑक्सिजन येतो जोडीने, म्हणजे साडेबारा रेणू हवेत. अर्धा रेणू नसतो, तेव्हा सगळंच दुप्पट करू:

२ सी₈एच₁₈ + २५ ओ₂ → १६ सीओ₂ + १८ एच₂ओ

विषम संख्या आडवी आली की दुप्पट करण्याची ही युक्ती फार वेळा लागते.

आता वजनं. हायड्रोजनचा अणू १, कार्बनचा १२, ऑक्सिजनचा १६ धरू. ऑक्टेनचे दोन रेणू २२८. ऑक्सिजनचे पंचवीस ८००. एकूण १०२८. उजवीकडे कार्बन डायऑक्साइड १६ × ४४ म्हणजे ७०४, पाणी १८ × १८ म्हणजे ३२४. बेरीज पुन्हा १०२८.

२२८ ग्रॅम ऑक्टेनपासून ७०४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, म्हणजे तिपटीहून किंचित जास्त. ७५० ग्रॅमला गुणून पाहा: सुमारे २३१६ ग्रॅम. बातमीतला आकडा हाच.

जास्तीचं वजन आलं ऑक्सिजनमधून. लिटरभर पेट्रोल जाळायला सुमारे २.६ किलो ऑक्सिजन लागतो, आणि हवेत वजनाने तो एक चतुर्थांशाहून थोडा कमी असल्यामुळे इंजिनाला त्यासाठी अकरा किलोंच्या आसपास हवा ओढून घ्यावी लागते. टाकीत आपण फक्त पेट्रोल ओततो, हवेची पावती कुणी फाडत नाही, म्हणून ती हिशेबात धरायचं सुचत नाही. शिवाय लिटरमागे किलोभर पाणीही वाफ होऊन धुराड्यातून जातं.

हवा कमी पडली तर समीकरणच बदलतं:

२ सी₈एच₁₈ + १७ ओ₂ → १६ सीओ + १८ एच₂ओ

ऑक्सिजन पंचविसाऐवजी सतरा, आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड. प्रत्यक्षात दोन्ही अभिक्रिया कमी-जास्त प्रमाणात होतात. बंद जागेत गाडीचं इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं ते यामुळे.

‘पण लाकूड जळालं की राख उरते हलकी’

कारण बाकीचं सगळं धूर आणि वायू होऊन निघून गेलं आणि कुणी ते तोललं नाही. फ्रान्सच्या लॅव्हॉझिएने १७७४ मध्ये कथिल बंद भांड्यात तापवून पाहिलं. कथिलाची राखाडी भुकटी झाली, पण बंद भांड्याचं एकूण वजन बदललं नाही. भांडं उघडल्यावर हवा सूं करून आत शिरली आणि वजन वाढलं. ती वाढ आणि कथिलाच्या वजनातली वाढ सारखीच भरली. कथिलाने आतली हवा खाल्ली होती. अभिक्रियेत एकूण वस्तुमान बदलत नाही, हा वस्तुमान अक्षय्यतेचा नियम असा तराजूवर उभा राहिला. लॅव्हॉझिए राजाच्या करवसुलीत भागीदार होता, त्यापायी राज्यक्रांतीत १७९४ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. तो त्याच्या रसायनशास्त्राचा दोष नव्हे.

कुणी हुशार विद्यार्थी आइन्स्टाइनला पुढे करतो: ऊर्जा बाहेर पडली म्हणजे वस्तुमान घटलंच असणार. बरोबर आहे. एक लिटर पेट्रोल जळताना बाहेर पडणाऱ्या ऊर्जेइतकं वस्तुमान काढलं तर ते एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्याही निम्म्याहून कमी भरतं. रसायनशाळेतल्या तराजूला याचा पत्ता लागत नाही. अणुभट्टीत गोष्ट वेगळी, पण तिथे अणूंची केंद्रकंच बदलतात.

‘तीन रेणूंचे दोन झाले, मग समतोल कसला?’

२ एच₂ + ओ₂ → २ एच₂ओ यात डावीकडे तीन रेणू, उजवीकडे दोन. शंका रास्त आहे. पण रेणूंची संख्या टिकलीच पाहिजे असं कुठे आहे? रेणू म्हणजे अणूंची जुळणी, आणि अभिक्रियेत मोडते ती जुळणीच. टिकतात ते अणू.

आणखी एक: हे आकडे वजनाचे नाहीत. दोन ग्रॅम हायड्रोजनला एक ग्रॅम ऑक्सिजन लागतो असा अर्थ काढाल तर फसाल. दोन ग्रॅम हायड्रोजनला लागतो सोळा ग्रॅम. समीकरणातले मोठे आकडे रेणूंचं प्रमाण सांगतात, दोनास एक. मग ते दोन रेणू असोत की दोन कोटी.

समीकरण जुळलं म्हणजे अभिक्रिया होणारच?

नाही. हे लिहून बघा:

सीयू + २ एचसीएल → सीयूसीएल₂ + एच₂

तांबं एक-एक, हायड्रोजन दोन-दोन, क्लोरिन दोन-दोन. सूत्रंही सगळी खरी. पण तांब्याची तार विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली तर हायड्रोजनचा एकही बुडबुडा येत नाही. तांब्याच्या जागी जस्त टाका, त्याच साच्याचं समीकरण होईल, आणि फसफसून वायू निघू लागेल.

फरक कळतो तो धातूंच्या क्रियाशीलता श्रेणीतून, म्हणजे जास्त क्रियाशील धातू वर आणि कमी क्रियाशील खाली अशा यादीतून. तिच्यात जस्त आणि लोह हायड्रोजनच्या वर आहेत, म्हणून आम्लातून त्याला हुसकावतात. तांबं, चांदी, सोनं खाली आहेत, त्यांना ते जमत नाही. पण तांबं चांदीच्या वर आहे, त्यामुळे सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून ते चांदीला बाहेर काढतं:

सीयू + २ एजीएनओ₃ → सीयू(एनओ₃)₂ + २ एजी

वेगाबद्दलही समीकरण गप्प असतं. खिळा गंजायला आठवडे लागतात, लोखंडाची बारीक पूड ज्योतीवर भुरभुरली तर क्षणात ठिणग्या उडतात. पदार्थांच्या अवस्था, तापमान, उत्प्रेरक हे सगळं सूत्रांपुढे कंसात किंवा बाणाच्या वर वेगळं लिहावं लागतं ते त्यासाठीच. ‘अमुक धातू विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकल्यास काय होईल?’ असा प्रश्न आला तर आधी श्रेणी पाहायची, धातू हायड्रोजनच्या खाली असेल तर ‘हायड्रोजन मुक्त होत नाही’ असं लिहायचं आणि समीकरण लिहायच्या फंदात पडायचं नाही.